ऑन-पेज एसईओ : संकेतस्थळाच्या मालकाला स्वतः करता येण्याजोग्या दुरुस्त्या

धागालेखक

गेली काही वर्षे मी सायकलींच्या देखभाल-दुरुस्तीची माहिती देणारे एक लहानसे संकेतस्थळ एकट्याने चालवतो आहे. सुरुवातीला त्याकडे फारसे कोणी फिरकत नसे आणि त्याचे कारण मी नेहमी बाहेर शोधत असे. आपल्याला कोणी दुवे देत नाही, मोठ्या संकेतस्थळांनी वरच्या सगळ्या जागा धरून ठेवल्या आहेत, आपल्याजवळ जाहिरातीला पैसे नाहीत, अशी माझी पक्की समजूत झाली होती. पुढे एकदा सवड काढून मी माझीच पाने परक्या वाचकाच्या नजरेने एकामागून एक वाचली, तेव्हा लक्षात आले की बहुतेक दोष पानांमध्येच आहेत आणि ते दूर करायला कोणाची मनधरणी करावी लागणार नाही.

बाहेरच्या दुव्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८ साली गूगल उभे केले तेच मुळी पेजरँकच्या कल्पनेवर, म्हणजे एखाद्या पानाकडे इतर पाने किती आणि कोणत्या दर्जाचे दुवे देतात हे मोजण्यावर. पण दुवा द्यायचा की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर असते. पानाचे शीर्षक, मथळे, मजकूर, चित्रे आणि आपल्याच पानांना एकमेकांशी जोडणारे दुवे मात्र पूर्णपणे आपल्या ताब्यात असतात. शोधयंत्राच्या निकालात आपले पान वर यावे म्हणून केलेल्या सुधारणांना एसईओ म्हणतात; त्यांतल्या या ताब्यातल्या भागालाच ऑन-पेज एसईओ म्हणतात आणि हा धागा तेवढ्यापुरताच आहे.

माझ्या एका पानाचे उदाहरण सविस्तर देतो, कारण त्यात बहुतेक चुका एकत्र आल्या होत्या. सायकलची चेन का उतरते यावर मी बऱ्याच मेहनतीने एक लेख लिहिला होता. त्याचे टायटल, म्हणजे शोधाच्या निकालात दिसणारे शीर्षक, होते ‘साखळी-प्रणाली : भाग ३’. पानावरचा मोठा मथळा होता ‘देखभालीविषयी थोडेसे’. पहिले दोन परिच्छेद सायकल हे किती उपयुक्त वाहन आहे यावर खर्ची पडले होते. चित्रांच्या फाइलींना कॅमेऱ्याने दिलेले आकडेच नाव म्हणून राहिले होते. इतर पानांवरून या पानाकडे येणारा एकच दुवा होता आणि त्यावर ‘इथे टिचकी मारा’ एवढेच लिहिले होते.

सर्च कन्सोल या संकेतस्थळमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातला परफॉर्मन्स अहवाल उघडला तर हे पान लोकांना अगदी खालच्या क्रमांकावर का होईना, ‘सायकलची चेन सारखी उतरते’ आणि ‘गिअर बदलताना चेन पडते’ अशा शोधांसाठी दिसत होते. आणि माझ्या संपूर्ण लेखात ‘चेन’ हा शब्द एकदाही आलेला नव्हता! शुद्ध लिहायचे म्हणून मी सगळीकडे कटाक्षाने ‘साखळी’ लिहिले होते. ज्याची सायकल रस्त्यात बंद पडली आहे तो माणूस ‘साखळी-प्रणाली’ असे टाइप करून शोधत नाही, ही इतकी साधी गोष्ट मला तो अहवाल पाहीपर्यंत सुचली नव्हती.

मग मी ते पान असे बदलले. टायटल केले ‘सायकलची चेन सारखी का उतरते? कारणे आणि दुरुस्ती’. पानावरचा मुख्य मथळा, म्हणजे एचवन, जवळपास तोच ठेवला. सायकलचे गुणगान काढून टाकले आणि पहिल्याच परिच्छेदात उत्तर दिले: गिअरच्या सायकलची चेन गिअर बदलतानाच उतरत असेल, तर बहुधा डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या, लिमिट स्क्रूंची जुळणी बिघडलेली असते, बिनगिअरच्या सायकलची चेन उतरत असेल, तर ती बहुधा सैल झालेली असते आणि मागचे चाक थोडे मागे ओढून तिला ताण द्यावा लागतो. त्याखाली प्रत्येक कारणाला स्वतंत्र उपमथळा दिला. ‘साखळी’ हा शब्दही पहिल्या परिच्छेदात एकदा राहू दिला, कारण तो शब्द वापरणारेही लोक आहेतच. चित्राच्या ऑल्ट मजकुरात, म्हणजे चित्र दिसत नसेल तेव्हा त्याऐवजी वाचल्या जाणाऱ्या वर्णनात, ‘मागच्या डिरेलरवरचे एच आणि एल अशी खूण असलेले दोन लिमिट स्क्रू’ असे लिहिले, म्हणजे चित्रात जे दिसते तेच. शेवटी गिअरवरच्या, ब्रेकवरच्या आणि चाकांवरच्या लेखांत जिथे विषय स्वाभाविकपणे येतो तिथून ‘गिअर बदलताना चेन उतरत असेल तर’ अशा शब्दांचे दुवे या पानाकडे दिले. बाकी काहीही केले नाही. काही आठवड्यांनी हे पान माझ्या संकेतस्थळावरचे सर्वाधिक वाचले जाणारे पान झाले आणि आजही आहे.

या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की पान कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर देते हे आधी ठरवावे आणि मग टायटल, मथळा, पहिला परिच्छेद आणि आत येणारे दुवे या चौघांनी तीच गोष्ट सांगावी. या चौघांत मेळ नसेल तर बाकीच्या खटाटोपाचा फारसा उपयोग होत नाही.

टायटलविषयी थोडे अधिक. प्रत्येक पानाचे टायटल वेगळे असावे. ‘मुख्यपृष्ठ’, ‘नवीन पान’ किंवा सर्व पानांवर केवळ संकेतस्थळाचे नाव, असे टायटल असले की शोधयंत्राला आणि वाचकाला दोघांनाही पानांमधला फरक कळत नाही. टायटल किती अक्षरांचे असावे याचे ठाम आकडे सांगणारे लेख पुष्कळ आहेत, पण गूगलने अशी मर्यादा घातलेली नाही; निकालात ते उपकरणाच्या रुंदीप्रमाणे कापले जाते. म्हणून महत्त्वाचे शब्द आधी आणि संकेतस्थळाचे नाव शेवटी ठेवावे. ऑगस्ट २०२१ पासून निकालात दाखवायचे शीर्षक ठरवण्याची गूगलची पद्धत बदलली आहे आणि आपले टायटल पानाशी विसंगत, फार लांब किंवा तेच ते शब्द कोंबलेले वाटले तर गूगल पानावरचा मथळा उचलून दाखवू शकते. आपण दिलेले टायटल निकालात दिसत नसेल तर रागावण्याआधी आपला मथळा आणि टायटल शेजारी ठेवून वाचून पाहावे.

मेटा डिस्क्रिप्शनमुळे, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या त्याच्या थोडक्यात वर्णनामुळे, निकालातला क्रमांक वर जात नाही. पण निकालात शीर्षकाखाली येणारा मजकूर अनेकदा तिथून घेतला जातो आणि वाचक टिचकी मारायची की नाही हे त्यावरून ठरवतो, म्हणून महत्त्वाच्या पानांसाठी ते दोन नेटक्या वाक्यांत स्वतः लिहावे. मेटा कीवर्ड्स या शोधशब्दांची यादी देणाऱ्या टॅगवर मात्र एक मिनिटही घालवू नये; क्रमवारीसाठी आपण तो पाहत नाही असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे.

कोणाला आपल्या पानांविषयी प्रश्न असतील तर येथे जरूर मांडावेत.

प्रतिसाद : मुक्तलेखणी

धागा उपयुक्त आहे, आभार. मी घरातल्या कुंड्यांमधल्या झाडांविषयी लिहिते. माझे दोन प्रश्न आहेत. मुख्य कीवर्ड, म्हणजे शोधशब्द, एकूण मजकुराच्या ठरावीक टक्के वेळा आलाच पाहिजे, असे मला एका सल्लागाराने सांगितले होते आणि त्याप्रमाणे मी जुने लेख बदललेही. आता ते लेख मलाच वाचवत नाहीत, कारण प्रत्येक दुसऱ्या वाक्यात तोच शब्दसमूह येतो. दुसरे म्हणजे प्रत्येक लेख किमान दोन हजार शब्दांचा असला पाहिजे असेही त्यांचे म्हणणे होते. या दोन्ही गोष्टींना काही आधार आहे का?

धागालेखक

दोन्हींना आधार नाही. कीवर्ड घनता हा आकडा साधने मोजून देतात म्हणून लोकांना तो खरा वाटतो, पण असे कोणतेही आदर्श प्रमाण गूगलने सांगितलेले नाही. उलट शब्दांचा असा भडिमार गूगलच्या स्पॅमविषयक धोरणांत गैरप्रकार म्हणून नोंदलेला आहे. २०१३ साली हमिंगबर्ड आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बर्ट हे गूगलच्या शोधपद्धतीतले बदल आल्यापासून सुटे शब्द जुळवण्यापेक्षा संपूर्ण प्रश्नाचा अर्थ लावण्याकडे गूगलचा कल वाढत गेला आहे. तेव्हा तुम्ही जुने लेख बिनधास्त पूर्ववत करा. तुमच्या कानाला जे वाक्य खटकते ते वाचकालाही खटकते.

शब्दसंख्येचेही तसेच आहे. ‘या झाडाला किती दिवसांनी पाणी घालावे’ या प्रश्नाचे उत्तर दोनशे शब्दांत पूर्ण होत असेल तर उरलेले अठराशे शब्द वाचकाला उत्तरापासून दूर ठेवण्याचेच काम करतील. लांबी विषयाने ठरवावी. मात्र एक तपासून पाहा: त्या उत्तरानंतर वाचकाच्या मनात लगेच येणारे प्रश्न, म्हणजे पाणी जास्त झाल्याचे कसे ओळखावे, ऋतू बदलला की काय करावे, यांची उत्तरे त्याच पानावर असतील तर त्याला मागे फिरून पुन्हा शोधावे लागत नाही. लेख या कारणाने लांबला तर लांबू द्यावा.

प्रतिसाद : आडवाट

मी पक्षीनिरीक्षणाविषयी मराठीतून लिहितो. पानांचे पत्ते, म्हणजे यूआरएल, देवनागरीत ठेवावेत की रोमन लिपीत? देवनागरी पत्ता कोणाला पाठवला की त्याची टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि समोरच्याला तो दुवा धोकादायक वाटतो.

धागालेखक

शोधयंत्राच्या दृष्टीने दोन्ही चालतात. गूगल देवनागरी पत्ते व्यवस्थित वाचते आणि पत्त्यात वाचकांच्या भाषेतले शब्द वापरण्यास त्याची हरकत नाही. तुम्ही सांगता ती माळ होते ती एन्कोडिंगमुळे: यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘शोध’ या शब्दात श, ओकाराची मात्रा आणि ध अशी तीन चिन्हे आहेत, म्हणजे त्याचीच सत्तावीस अक्षरे होतात. पाच-सहा शब्दांचा पत्ता मग किती लांबेल ते उघड आहे.

माझा कल रोमन लिपीतल्या छोट्या पत्त्यांकडे आहे, तोही केवळ पाठवायला आणि वाचून दाखवायला सोपे जाते म्हणून. शब्दांमध्ये अंडरस्कोरऐवजी हायफन वापरावा, ही गूगलची स्वतःचीच शिफारस आहे. पण एक विनंती: तुमचे जुने देवनागरी पत्ते चालू असतील तर या धाग्यामुळे ते बदलू नका. पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर पडणारा प्रभाव अगदी थोडा असतो आणि चालते पत्ते बदलण्यातला धोका त्याच्या कितीतरी पट असतो. बदलणे भागच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन ठेवा आणि ते किमान वर्षभर, जमल्यास कायमचे, राहू द्या.

पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, सुरुवातीच्या लँग या गुणधर्मात नोंदवणेही चांगले. गूगल पानाची भाषा मजकुरावरून ठरवते, त्यामुळे क्रमांकात फरक पडत नाही, पण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांना योग्य उच्चार निवडता येतो आणि दृष्टिहीन वाचकांची सोय होते.

प्रतिसाद : उंबरठा

मथळे आणि टायटल यांच्याही आधीचा एक मुद्दा नोंदवू इच्छिते, कारण त्यात माझे चार महिने वाया गेले. मी संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे बांधण्याच्या साधनावर नव्याने बांधत होते. काम अर्धवट असताना ते कोणाला दिसू नये म्हणून सेटिंग्जमधल्या रीडिंग विभागात ‘शोधयंत्रांनी हे संकेतस्थळ नोंदवू नये’ अशा अर्थाच्या चौकटीत मी खूण केली होती. संकेतस्थळ सुरू झाले, लेख लिहिले, ओळखीच्या सगळ्यांना दुवे पाठवले आणि ती खूण काढायची राहूनच गेली. चार महिने मी टायटल बदलत राहिले, मजकूर वाढवत राहिले, आणि प्रत्येक पानावर ‘हे निकालात दाखवू नये’ असे शोधयंत्राला सांगणारी नोइंडेक्सची सूचना शांतपणे बसलेली होती.

चूक कळल्यावर घाईत मी दुसरी केली. काही पाने खरोखरच निकालात यायला नको होती, म्हणून मी ती रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमधून अडवली आणि त्यांच्यावरचे नोइंडेक्स तसेच ठेवले. तरीही त्यांतली दोन पाने वर्णनाविना, केवळ पत्त्यासह निकालात दिसत राहिली. हे असे का झाले हे मला अजून नीट समजलेले नाही.

धागालेखक

हा अनुभव सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार, कारण हीच चूक मी अनेकांच्या संकेतस्थळांवर पाहिली आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल गूगलबॉटला, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामला, ‘या पानावर येऊ नकोस’ असे सांगते. ‘हे पान निकालात दाखवू नकोस’ असे ती सांगत नाही. नोइंडेक्सची सूचना असते पानाच्या आत. तुम्ही दारच बंद केल्यामुळे आत लावलेली सूचना गूगलबॉटला कधी वाचताच आली नाही, आणि दुसऱ्या कुठल्या तरी पानावरून त्या पत्त्याकडे दुवा असल्यामुळे नुसता पत्ता निकालात आला. पान निकालातून काढायचे असेल तर ते गूगलबॉटला वाचू द्यावे आणि आत नोइंडेक्स ठेवावे. पान खरोखर खासगी असेल तर या दोन्हींवर विसंबू नये. ते पासवर्डामागे ठेवावे. नोइंडेक्सची ओळ रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्येच लिहावी असा जुना सल्ला अजून काही ठिकाणी वाचायला मिळतो, पण गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून तो प्रकार मानणे बंद केले आहे.

नव्या संकेतस्थळाच्या प्रत्येक मालकाने पहिल्या आठवड्यात एक गोष्ट करावी: सर्च कन्सोलमध्ये वरच्या चौकटीत आपल्या चार-पाच महत्त्वाच्या पानांचे पत्ते एकेक करून टाकावेत. पान नोंदले गेले आहे का, नसेल तर का नाही, गूगलबॉट तिथे शेवटचा कधी येऊन गेला आणि गूगलने कोणता पत्ता मूळ मानला आहे, हे सगळे तिथे स्पष्ट लिहिलेले मिळते. चार महिन्यांचा मनस्ताप दहा मिनिटांत टळतो.

प्रतिसाद : काठावरून

वेगाविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही. माझ्या पानाला चाचणीत मोबाइलवर फारच कमी गुण मिळतात. शंभरपैकी शंभर मिळवल्याशिवाय पान वर येत नाही हे खरे आहे का? मी त्यासाठी तीन-चार प्लगइन, म्हणजे संकेतस्थळाला जोडायची तयार पूरक साधने, टाकली, तर संकेतस्थळ आणखीच संथ झाले.

प्रतिसाद : धातुकाम

मी वेब-विकासाचे काम करतो, म्हणून याला उत्तर देतो. शंभर गुणांचा आग्रह सोडून द्यावा. तो आकडा एका प्रयोगातला असतो. गूगल क्रमवारीच्या कामी प्रत्यक्ष वाचकांच्या ब्राउझरमधून गोळा झालेली मापे पाहते, ज्यांना कोअर वेब व्हायटल्स म्हणतात. ही तीन मापे आहेत. पानावरचा सर्वांत मोठा घटक, बहुधा वरचे चित्र किंवा मोठा मथळा, अडीच सेकंदांच्या आत दिसावा. वाचकाने काही दाबल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा. हे आयएनपी नावाचे माप मार्च २०२४ मध्ये आधीच्या एफआयडी या मापाच्या जागी आले. आणि पान उघडताना मजकूर वरखाली उड्या मारण्याचे प्रमाण ०.१ पेक्षा जास्त नसावे. शंभरातल्या किमान पंच्याहत्तर भेटींत ही मर्यादा पाळली गेली म्हणजे पान ‘चांगले’ गणले जाते.

बहुतेक लहान संकेतस्थळांवर दोष चित्रांचा असतो. पडद्यावर आठशे पिक्सेल रुंदीने दिसणारे चित्र चार हजार पिक्सेल रुंदीचे, तसेच्या तसे चढवलेले असते. ते आधी योग्य मापाचे करावे, वेबपीसारख्या हलक्या स्वरूपात साठवावे आणि एचटीएमएलमध्ये त्याची रुंदी व उंची लिहावी, म्हणजे ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो आणि मजकूर खाली ढकलला जात नाही. खालच्या चित्रांना लेझी लोडिंग, म्हणजे वाचक तिथवर पोचला की मगच चित्र आणण्याची सोय, जरूर लावावे, पण पानाच्या अगदी वरच्या चित्राला लावू नये. जे चित्र सर्वांत आधी दिसायला हवे त्यालाच आपण ‘थांब’ असे सांगतो आणि पहिले माप बिघडते. अनेक प्लगइन सरसकट सगळ्या चित्रांना लेझी लोडिंग लावतात, आणि तुमच्या बाबतीत बहुधा तेच झाले असावे. त्यांतली दोन प्लगइन काढून पुन्हा तपासून पाहा.

धागालेखक

उत्तम उत्तर. माझ्याकडून एवढीच भर घालतो की उत्तर चुकीचे देणारे वेगवान पान वाचकाच्या उपयोगाचे नसते आणि गूगलही संबंधित मजकुराला वेगापेक्षा वरचे स्थान देते. वेग सुधारावा तो वाचकाची वाट पाहण्याची वेळ कमी व्हावी म्हणून. आणि तपासणी नेहमी मोबाइलवरच करावी. गूगल आता पानाची मोबाइल आवृत्तीच नोंदवते. २०१६ मध्ये जाहीर झालेले हे स्थित्यंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचे गूगलने सांगितले. मोबाइलवर जागा वाचावी म्हणून काही परिच्छेद काढून टाकले असतील तर शोधयंत्राच्या लेखी ते परिच्छेद अस्तित्वातच नसतात.

प्रतिसाद : मुक्तलेखणी

माझा आणखी एक प्रश्न. मोगऱ्याविषयी माझे सात लेख आहेत, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले. त्यांतले तीन तर जवळपास एकच गोष्ट सांगतात. यांपैकी कधी एक निकालात दिसतो, कधी दुसरा, आणि कोणताच वर टिकत नाही. सगळे ठेवावेत का?

धागालेखक

सात लेख एका कागदावर लिहून प्रत्येकापुढे तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न लिहा. ज्या तिघांपुढे एकच प्रश्न येईल त्यांचा एक लेख करा. सर्च कन्सोलमध्ये ज्याला सर्वाधिक टिचक्या मिळतात तो पत्ता ठेवा, बाकी दोघांतला चांगला मजकूर त्यात आणा, आणि त्या दोघांवरून या एका पत्त्यावर ३०१ पुनर्निर्देशन लावा. नुसते पुसून टाकू नका. त्यांच्याकडे बाहेरून कोणी दुवे दिले असतील तर ते वाया जातील. उरलेल्या चार लेखांचे प्रश्न वेगळे असतील, म्हणजे एक छाटणीचा, एक कळ्या गळण्याचा, तर ते स्वतंत्रच राहू द्या आणि एकमेकांशी दुव्यांनी जोडा.

एकच मजकूर दोन पत्त्यांवर उघडतो, उदाहरणार्थ छापण्यासाठीची वेगळी प्रत असते, आणि दोन्ही पत्ते ठेवणे भाग असते, तेव्हा त्यांतला मूळ पत्ता कोणता हे सांगणारा कॅनॉनिकल टॅग वापरावा. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये तो एकत्रितपणे आणला. मात्र कॅनॉनिकल ही विनंती असते, आज्ञा नव्हे. दुवे एका पत्त्याकडे, साइटमॅप (शोधयंत्रासाठी केलेली पानांची यादी) दुसऱ्याकडे आणि कॅनॉनिकल तिसऱ्याकडे बोट दाखवत असेल तर गूगल स्वतःच्या मनाने निवड करते.

साइटमॅपचा उल्लेख आला म्हणून सांगतो. त्यात पानांचे प्राधान्य आणि बदलाची वारंवारिता भरत बसू नये, गूगल त्या दोन्ही नोंदी पाहत नाही. शेवटच्या बदलाची तारीख मात्र पाहते, पण ती खरी असेल तरच. एक अक्षरही न बदलता लेखाची तारीख ताजी करण्याची युक्ती बरेच जण सांगतात. माझी कळकळीची विनंती आहे की ती करू नका. आजची तारीख पाहून आलेल्या वाचकाला जुनीच माहिती मिळाली की त्याचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवण्यासाठी कोणताही टॅग नाही.

प्रतिसाद : आडवाट

स्कीमा मार्कअपचे, म्हणजे पानात काय आहे हे शोधयंत्राला ठरावीक साच्यात सांगणाऱ्या कोडचे, काय? प्रश्नोत्तरांचे मार्कअप लावले की निकालात आपली प्रश्नोत्तरे उलगडून दिसतात असे वाचले होते. मी ते लावले, पण काहीच दिसत नाही.

धागालेखक

ती माहिती जुनी झाली. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग सुरू केले आणि रचलेल्या माहितीचा उपयोग आजही आहे, पण प्रश्नोत्तरांचे ते उलगडणारे रूप गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रसिद्ध सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरतेच मर्यादित केले. तुमचे मार्कअप चुकीचे नसेल, फक्त त्याचे फळ आता मिळत नाही. पक्ष्यांच्या लेखांना लेख या प्रकारचे साधे मार्कअप, त्यात लेखकाचे नाव आणि खरी तारीख, एवढे पुरे आहे. पानावर जे दिसत नाही ते मार्कअपमध्ये लिहू नये, एवढे पथ्य पाळावे.

प्रतिसाद : उंबरठा

आता निकालांच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली उत्तरे येतात. अशा वेळी हे सगळे करण्यात अर्थ उरला आहे का, असे माझ्या मनात येते. त्या उत्तरांत आपले पान यावे म्हणून वेगळे काही करावे लागते का?

धागालेखक

तुमची काळजी रास्त आहे. साध्या माहितीच्या प्रश्नांना वाचक वरच्या उत्तरावरच थांबतो, हे मलाही जाणवते. पण त्या उत्तरांत दुवा म्हणून येण्यासाठी वेगळे मार्कअप किंवा वेगळी फाइल लागत नाही, असे गूगलने स्पष्ट केले आहे. पान नोंदलेले असावे आणि निकालात मजकुरासह दाखवण्याजोगे असावे, एवढीच अट आहे. म्हणजे आपण वर बोललो तेच काम.

मी एक बदल मात्र केला. जे पान केवळ व्याख्या सांगत होते त्यावर मी वेळ घालवणे थांबवले आणि जिथे मी स्वतः हाताने काही करून पाहिले आहे ती पाने वाढवली. लिमिट स्क्रू कोणत्या दिशेला फिरवला की चेन कुठे सरकते याची मीच काढलेली सहा छायाचित्रे आणि फिरवताना माझ्या हातून झालेली चूक, हे दुसरीकडून गोळा करून आणता येत नाही. तुमच्या विषयातही असे काही नक्की असेल.

प्रतिसाद : काठावरून

दोन प्लगइन काढली, वरच्या चित्राचे लेझी लोडिंग बंद केले, आणि पान उघडताना होणारी उडी पूर्ण थांबली. आभारी आहे. आता टायटल बदलायला घेतो आहे. एकूण साठ पाने आहेत. सगळी एकदम बदलावीत का, आणि फरक पडला हे कसे ओळखावे?

धागालेखक

एकदम बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झाले हे कळणार नाही. सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स अहवाल उघडा, कालावधी मागच्या तीन महिन्यांचा घ्या आणि जी पाने निकालात पुष्कळदा दिसतात पण ज्यांना टिचक्या फार कमी मिळतात अशी पाच पाने निवडा. प्रत्येक पानावर टिचकी मारून मग क्वेरीजचा तक्ता पाहा. लोक कोणते शब्द वापरतात ते तिथे जसेच्या तसे दिसते. त्यावरून त्या पाच पानांचे टायटल, मथळा आणि पहिला परिच्छेद बदला. बदलाची तारीख आणि जुने टायटल वहीत लिहून ठेवा. मग सहा आठवडे त्यांना हात लावू नका आणि तुलनेच्या पर्यायात आधीचे सहा आठवडे नंतरच्या सहा आठवड्यांशेजारी ठेवून पाहा. तुमचा विषय हंगामी असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांशी तुलना करा. अहवालात सोळा महिन्यांची माहिती असते, त्यामुळे ते शक्य होते.

पाचांपैकी एखादे पान खाली गेले तर त्याचे जुने टायटल तुमच्या वहीत आहेच.